दाणा कमी, चराई जास्त: सोलापूरच्या मातीत मटणाची कोंबडी वाढवायची असेल तर हे वाचा

हल्ली ज्याला त्याला "खाद्याचा खर्च शून्य" असली कोंबडी पाहिजे. मोबाईलवर व्हिडिओ बघतात, अझोल्याचा (पाण्यावर तरंगत वाढणारी बारीक हिरवी वनस्पती) एक खड्डा मारतात, शंभर पिल्लं आणतात आणि दोन महिन्यांनी विचारायलेत की वजन का येईना ओ. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय, नवीन माणसानं सुरू करायच्या आधी वाचावं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, कोंबडी म्हणजे शेळी नव्हे. शेळीला चारा पचवायला पोटात चार कप्पे असतात, कोंबडीला ती सोय नाही, त्यामुळं गवताचा चोथा तिच्या अंगी फारसा लागत नाही, आला तसा मागून निघून जातो. हिरव्यातून तिला जीवनसत्त्वं मिळतात, थोडं प्रोटीन मिळतं, कातडीला आणि चरबीला तो पिवळा रंग येतो ज्यावरनं गिऱ्हाईक गावरान ओळखतं. पण अंगात ताकद यायला, वजन भरायला जी एनर्जी लागते ती हिरव्यात नाही. दाणा काढला की भोक पडतं ते तिथं. ते भोक कशानं भरायचं हे ज्याला जमलं त्याचा धंदा चालतो, बाकी अझोला-बिझोला सगळं त्याच्या नंतर.

१. पक्षी कोणता घ्यायचा

ब्रॉयलरचं पिल्लू चराईवर सोडू नका. ते ४०-४२ दिवसांत दोन किलोच्या वर जायला बनवलेलं आहे, त्याला भांड्यापुढं बसून खायची सवय, पायात दम नाही आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर ते धापा टाकूनच जातं.

चराईला दोन पर्याय. एक म्हणजे अस्सल गावरान, जी खुराड्यातून बाहेर पडली की दिवसभर स्वतः शोधून खाते, आजाराला चिवट, पण सव्वा-दीड किलोला पाच-सहा महिने घेते. दुसरा म्हणजे सुधारित गावरान: गिरिराज (बंगळूरच्या व्हेटर्नरी कॉलेजचं), वनराज (हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाचं) वगैरे. हे चराई आणि थोडा वरखुराक मिळाला तर चार-साडेचार महिन्यांत दीड ते दोन किलोला येतात. मटणासाठी पहिल्यांदाच करणार असाल तर माझं मत सुधारितच घ्या, गावरानाचा संयम पहिल्या बॅचला बहुतेकांकडं नसतो.

इथला ट्रॅप: बाजारात "प्युअर गावरान" म्हणून अंड्याच्या जातीचे नर पिल्लं खपवतात. हॅचरीला ते नकोच असतात म्हणून स्वस्तात मिळतात. पिल्लू असताना आपल्याला फरक कळत नाही, पण ते सडपातळच राहतं, छातीला मांस धरत नाही. आठवडी बाजारात गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं तर बघूच नका. हॅचरीतून (अंडी उबवणी केंद्र) किंवा मदर युनिटवरून (जिथं पिल्लं काही आठवडे वाढवून विकतात) घ्या, बिल मागा, आणि पहिल्या दिवशीची मॅरेक्सची (पाय लुळे पाडणारा आजार) लस दिलीय का ते विचारा.

२. तारीख उलटी मोजा

पिल्लं कधी मिळतात त्यावर बॅच लावू नका, विकायची कधी त्यावर लावा. आखाडात मागणी फुटते, श्रावण लागला की महिनाभर कोण विचारत नाही, नवरात्रातही तेच, मार्गशीर्षातले गुरुवार पण मोजायचे. मग ३१ डिसेंबर, धुळवड, आणि चैत्र-वैशाखातल्या गावोगावच्या जत्रा. म्हणजे आखाड धरायचा तर पिल्लं फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आली पाहिजेत, वर्षअखेर धरायची तर ऑगस्टमध्ये. पक्षी तयार होऊन श्रावणात अडकला तर महिनाभर फुकट खातो आणि वर वजनही फार वाढत नाही.

३. जागा, सामान, कागदं

शंभर पक्ष्यांना रात्रीच्या शेडला २०० चौरस फूट धरा. चरायला आपल्या कोरडवाहू भागात ८ ते १० गुंठे पाहिजेत, पुस्तकात कमी लिहिलेलं असतं पण ते पावसाच्या मुलखातलं, आपल्याकडं फेब्रुवारीनंतर जमिनीवर उरतंय काय. या जागेचे चार तुकडे करायचे.

सामान असं:
- जाळी (खालचे दोन फूट बारीक भोकाची, नाहीतर मुंगूस आत येतं), रात्रीला पक्कं दार
- पिल्लांसाठी पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा गोल गार्ड, बल्ब, थर्मामीटर
- खाली टाकायला भुईमुगाची टरफलं किंवा भाताचा तूस, टरफलं आपल्याकडं स्वस्त पडतात
- खाद्याची आणि पाण्याची भांडी, लहान पिल्लांची वेगळी, मोठ्यांची वेगळी
- बसायला आडव्या काठ्या, शेडनेट, गोणपाट, कोयता किंवा छोटं कुट्टी मशीन
- लस आणायला थर्मास

शंभर-दोनशे पक्ष्यांसाठी लायसनच्या मागं पळायची गरज नाही, पण ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला काढून ठेवा, वासावरनं शेजारी उद्या भांडायला उठला तर कामाला येतो. लोन काढायचं असेल तर सातबारा, आठ-अ, आधार, पॅन, पासबुक, शेडचं कोटेशन, प्रकल्प अहवाल आणि ट्रेनिंगचं सर्टिफिकेट मागतात. किसान क्रेडिट कार्डात पशुपालन पण बसतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, बँकेत विचारा. आणि ते "५० टक्के सबसिडी, २५ लाख" म्हणून जे मेसेज फिरतात ते राष्ट्रीय पशुधन अभियानातलं आहे, त्यात हजार पक्ष्यांचा पेरेंट फार्म (उबवायची अंडी देणाऱ्या पक्ष्यांचा), हॅचरी, मदर युनिट असं सगळं उभं करावं लागतं, नवशिक्यानं त्याच्या नादाला लागू नये. ट्रेनिंगसाठी मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा, आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पिल्लं यायच्या आधीच ओळख करून ठेवा.

४. पहिले सहा आठवडे: इथं कंजुषी नको

नैसर्गिक वाढवायचं ठरवलेले लोक सगळ्यात जास्त इथं घसरतात. पिल्लाला पहिल्या दिवसापासून तांदळाची कणी आणि अझोला घालतात. कणीनं पोट भरतं पण प्रोटीन मिळत नाही, आणि या वयात हाडं-पंख बनायला राहिले की ते पुढं भरून निघत नाही, पक्षी आयुष्यभर खुरटा. म्हणून सहा आठवडे तयार स्टार्टर खाद्यच द्या. शंभर पिल्लांना या काळात ५० किलोची तीन-साडेतीन पोती लागतात, हा खर्च आधीच बाजूला काढून ठेवा. चौथ्या आठवड्यापासून बारीक चिरलेला लसूण घास, मेथी, शेवग्याचा पाला चिमूट-चिमूट सवयीला घाला, एवढं बास.

पिल्लं आली की आधी गुळाचं पाणी, मग दोन-तीन तासांनी खाद्य. पहिल्या आठवड्यात ९५ फॅरनहाईट ऊब, पुढं दर आठवड्याला ५ अंश कमी. शंभर पिल्लांना २०० वॅटपर्यंत बल्ब पुरतात, पण थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडं बघा: बल्बखाली गोळा झाली तर गारठलीत, गार्डला चिकटून तोंड उघडं ठेवून बसली तर उकडायलंय, सगळीकडं पसरून खेळायलेत तर बरोबर आहे. रात्रीची लाईट जाते हे धरून चाला, शेगडी तयार ठेवा पण धूर कोंडू देऊ नका. पहिले तीन-चार दिवस टरफलांवर पेपर अंथरा, नाहीतर पिल्लं टरफलंच खातात.

५. बाहेर सोडणं

सहाव्या-सातव्या आठवड्यात, अंगावर पिसं नीट भरली की, ऊन कोवळं असताना दोन तास. मग वाढवत न्यायचं. चार तुकड्यांपैकी एकात आठवडाभर, मग पुढच्यात, म्हणजे पहिल्याला तीन आठवडे विश्रांती मिळते, गवत फुटतं आणि जंतांची अंडी बरीचशी उन्हात मरतात. एकाच अंगणात रोज सोडलं तर महिन्याभरात ती जागा टणक उघडी होते आणि कोंबडी आपल्याच विष्ठेत चोच मारत बसते, त्याला चराई म्हणत नाहीत.

घार दिवसा, मुंगूस कधीपण, कुत्री आणि रानमांजर अंधार पडला की. झाडं असलेला तुकडा असला तर घारीचा त्रास कमी, शेवगा आणि लिंब सगळ्यात बरा. डाळिंबाच्या बागेत मात्र सोडताना शंभरदा विचार करा. आपल्याकडं सांगोल्यापासून सगळीकडं बागा आहेत आणि सावलीला मस्त वाटतं, पण डाळिंबाला फवारणी किती असते ते बागवाल्यालाच विचारा, फवारलेल्या बागेतला किडा खाल्ला की संपलं.

चरणाऱ्या पक्ष्याला कच लागते, म्हणजे बारीक खडे किंवा जाडी वाळू. कोंबडीला दात नाहीत, दळायचं काम पोटातल्या खड्यांवर चालतं. काळ्या मातीच्या रानात खडे कमी सापडतात, तिथं एका टोपलीत वाळू ठेवाच. गवत कापून घालणार असाल तर इंचभराचे तुकडे करा, लांब गवताचा गुंता गळ्याच्या पिशवीत अडकतो आणि पक्षी खाणं सोडतो.

६. किडे पिकवा

माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत इथं घ्यावी, आणि लोक सगळ्यात कमी इथंच घेतात कारण किळस येते.

जरा हिशोब बघा. ताज्या अझोल्यात ९३-९५ टक्के पाणीच असतं. एक किलो अझोला म्हणजे वाळवून ६० ग्रॅमच्या आसपास माल, त्यात प्रोटीन १५ ग्रॅम. शेवग्याचा ताजा पाला एक किलो घेतला तर ५०-६० ग्रॅम. आणि ब्लॅक सोल्जर फ्लायच्या (ओल्या कचऱ्यावर वाढणारी एक काळी माशी) एक किलो जिवंत अळ्यांत सव्वाशे ग्रॅमच्या पुढं प्रोटीन, वर तेवढ्याच्या जवळपास चरबी, म्हणजे एनर्जी पण आली. शंभर मोठ्या पक्ष्यांना दिवसाला सव्वा ते दीड किलो प्रोटीन लागतं. आता तुम्हीच ठरवा एका खड्ड्याच्या अझोल्यावर किती उड्या मारायच्या.

सोपी पद्धत आधी: उसाचं पाचट. आपल्या जिल्ह्यात लोक ते पेटवून देतात, तुम्ही मागून आणा. चराईच्या तुकड्यात सावलीला फूटभर उंचीचा ढीग, मध्ये शेणकाला, वरनं रोज थोडं पाणी (ठिबकची एक नळी सोडली तरी चालतं). दोन-तीन आठवड्यांत खाली किडे, गोम, गांडुळं सगळं होतं. तोवर ढिगाला जाळी लावा, मग जाळी काढून कोंबड्या सोडा, त्या उकरून उकरून ढीग सपाट करतील. प्रत्येक तुकड्यात एक ढीग, आळीपाळीनं.

वाळवी: ही जुनी गावाकडची रीत. फुटकं मडकं घ्यायचं, त्यात ओलं शेण, चिपाडं, तुराट्या, गोणपाटाचे तुकडे कोंबायचे आणि वारुळाच्या तोंडाशी संध्याकाळी पालथं घालायचं. सकाळपर्यंत वाळवी चढलेली असते, ऊन व्हायच्या आत मडकं आणून पिल्लांपुढं झाडायचं. ज्या रानात वाळवीचं औषध टाकलंय तिथलं मडकं आणायचं नाही.

ब्लॅक सोल्जर फ्लायला थोडी मांडणी लागते. प्लॅस्टिकचा टब, त्यात हॉटेल-मेसचा ओला कचरा, फळं, भाज्यांचं काढलेलं, एका बाजूला तिरकी फळी. वरती पुठ्ठ्याच्या पन्हाळीदार पट्ट्या बांधा, माशी त्या भेगांत अंडी घालते. अळी पूर्ण वाढून काळपट झाली की स्वतःच फळीवरनं चढून बाहेर पडते, खाली डबा ठेवला की झालं. टब सावलीत पाहिजे आणि मालाला ओल पाहिजे पण पाणी साचलेलं नको, साचलं की घाण वास सुटतो आणि घरमाशी बसते. आपल्याकडं मार्चनंतर टब वाळतो, ओलं पोतं टाकून ठेवा.

७. हिरवं

अझोला करू नका असं नाही म्हणत, करा, पण वरखुराक म्हणून. साधारण सात बाय पाच फुटांचा खड्डा, सिल्पॉलिन कागद, १०-१५ किलो चाळलेली माती, दोन किलो शेणाचा काला, ३० ग्रॅम सुपर फॉस्फेट, चार इंच पाणी, वरनं एक किलो कल्चर (म्हणजे अझोल्याचं बियाणं). दोन आठवड्यांत रोज अर्धा किलो निघायला लागतो. दर पाच दिवसांनी किलोभर शेण आणि २० ग्रॅम सुपर फॉस्फेट, दहा दिवसांनी पाव हिस्सा पाणी बदलायचं. घालताना धुऊनच घाला, शेणाचा वास असला तर कोंबडी तोंड लावत नाही. उन्हाळ्यात शेडनेटशिवाय अझोला जळतोच.

शेवगा मला जास्त पटतो. बांधाला दाट लावायचा, कमरेएवढ्या उंचीवर सारखा छाटायचा, पाला सावलीत वाळवून चुरा करून पोत्यात भरायचा. वाळल्या पाल्यात २५ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं, आणि मुख्य म्हणजे आपल्या पाण्यावर तो जगतो. पावसाळ्यात घोळ, तांदुळजा, पाथरी रानात फुकट आहेच. सुबाभूळ जपून, त्यात मिमोसिन नावाचा विषारी घटक असतो, वाळवून अगदी थोडी.

८. आता ते भोक: एनर्जी

धान्य विकत घ्यायचं नाही म्हटलं तर आपल्या जिल्ह्यात काय काय मिळतं ते बघा. करमाळा-माढ्याच्या केळीच्या पट्ट्यात एक्स्पोर्टला न चालणारी केळी निघतात, पिकलेली तशीच आणि कच्ची उकडून कुस्करून द्या. मेस-हॉटेलची उरलेली भाकरी, चपाती, भात, पण आमटी-भाजीत कालवलेलं नको, त्यातलं मीठ कोंबडीला बाधतं. भाकरी उन्हात कडक वाळवून भरडून ठेवली तर महिनाभर जाते. डाळ मिलची तूर चुणी. खळ्यावर सांडलेली, पाखरांनी फोडलेली, पावसात काळी पडलेली ज्वारी (काळी म्हणतोय, बुरशीची नव्हे, बुरशी दिसली की टाकून द्या).

द्यायची वेळ संध्याकाळची. सकाळी उपाशी सोडा, म्हणजे चरायला जातील, सकाळीच भांडं भरलं तर दिवसभर भांड्याभोवतीच फिरतात. मोठा पक्षी दिवसाला ८०-१०० ग्रॅम खातो. चराई चांगली असली तर संध्याकाळी ४०-५० ग्रॅमवर भागतं. उन्हाळ्यात रानात काहीच नसतं तेव्हा हा आकडा वाढवावाच लागतो, त्या वेळी हट्ट करू नका. पंधरवड्याला दहा पक्षी तोलून बघा आणि छातीचं हाड हाताला लागतंय का चाचपा. हाड धारदार लागलं तर खुराक कमी पडायलाय.

९. हे घालायचं नाही

कांदा. मार्केट यार्डात ढिगानं फेकलेला दिसतो आणि फुकट आहे म्हणून लोक पोती भरून आणतात, पण जास्त कांद्यानं कोंबडीचं रक्त कमी होतं. यार्डातला कोबी-फ्लॉवरचा पाला चालतो, धुऊन. सरकी पेंड नको, गॉसिपॉल असतं. शेंगदाणा पेंड चांगली पण जुनी-दमट असली तर तिच्यातल्या बुरशीचं विष पिल्लांना आधी मारतं. हायड्रोपोनिकला (मातीशिवाय ट्रेमध्ये उगवलेला चारा) ज्वारी वापरू नका, कोवळ्या ज्वारीनं जनावराला विषबाधा होते हे आपल्याकडं लेकराला पण माहितीये, मका वापरा.

१०. लसी आणि औषध

नैसर्गिक वाढवतोय म्हणून लस नाही, असलं डोकं लावू नका. मानमोडी (राणीखेत) आली तर चार दिवसांत शेड रिकामं होतं आणि तिला औषध नाही.

साधारण वेळापत्रक: ५-७ व्या दिवशी लासोटा (मानमोडीची लस, डोळ्यात किंवा नाकात थेंब), १४ व्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची, २८ व्या दिवशी लासोटा परत, सहाव्या आठवड्यात देवीची, आठव्या आठवड्यात आर-टू-बी (ही पण मानमोडीचीच) टोचून. तुमच्या भागाप्रमाणं डॉक्टर बदल सांगतील तो ऐका. लस बर्फातूनच आणायची. पाण्यातून देणार असाल तर नळाचं क्लोरीनचं पाणी नको, त्यात लस मरते. पक्षी दोन तास तहानलेले ठेवा म्हणजे सगळे एकदम पितात, आणि कालवलेली लस दोन तासांत संपली पाहिजे.

पावसाळ्यात जमिनीवरच्या पक्ष्याला रक्ती हगवण लागते. पिसं फुगवून एका जागी बसलेला पक्षी आणि लाल शिट दिसली की त्याच दिवशी दवाखाना. जंताचं औषध दीड-दोन महिन्यांनी एकदा. औषध दिल्यावर किती दिवस कापायचं नाही ते डॉक्टरला विचारून वहीत लिहा.

११. एप्रिल-मे

पारा ४२-४३ ला जातो तेव्हा सकाळी दहानंतर पक्षी सावलीत पाहिजेत. चराई पहाटे आणि पाचनंतर. शंभर पक्ष्यांना एरवी २०-२५ लिटर पाणी पुरतं, या दिवसांत दुप्पट धरा आणि भांडी मातीची ठेवा. बाजूंना ओलं गोणपाट, पत्र्यावर पाचट, पाण्यात थोडा गूळ किंवा इलेक्ट्रोलाईट पावडर. दुपारी खाऊ घालू नका, पचवताना अंगात अजून गरमी होते.

१२. विक्री

व्यापाऱ्याला घाऊक दिली तर तो "गिरिराज आहे, गावरान नाही" म्हणून भाव पाडणारच. थेट गिऱ्हाईक धरा: जत्रेच्या गावातले लोक, ढाबे, सोसायटीचे व्हॉट्सअप ग्रुप. जात खरी सांगा आणि कसं वाढवलंय ते दाखवा, शेतावर येऊन बघू द्या. पहिल्याच गिऱ्हाइकाला हेही सांगून टाका की हे मटण ब्रॉयलरसारखं पंधरा मिनिटांत शिजत नाही, कुकरला जास्त शिट्ट्या लागतात, नाहीतर "चिवट दिलं" म्हणून फोन येतो. कापून, साफ करून विकणार असाल तर फूड सेफ्टीची नोंदणी करावी लागते, जिवंत विकलेलं सोपं.

विकायच्या आदल्या रात्री खुराक बंद, पाणी चालू. भरलेल्या पोटी वजन जास्त दिसतं म्हणून काही जण खाऊ घालून आणतात, पण जाणतं गिऱ्हाईक आधी गळ्याची पिशवी चाचपतं. वाहतूक पहाटेच करा. शेतावर कापलं तर पिसं-आतडी चुना टाकून फूट-दोन फूट खोल गाडा, उघड्यावर टाकली की गावातली कुत्री तिथंच मुक्काम करतात आणि मग जाळी कितीही मजबूत असली तरी रात्रीची राखण तुमच्याच गळ्यात.